१२ तासांच्या विश्रांतीत झोप किती मिळते? पायलटच्या रोस्टरबद्दल सविस्तर

ताई, तुमचा प्रश्न वाचला. मुलगी को-पायलट म्हणून लागून वर्ष झालं, बेस पुणे. तुम्ही विचारताय की नियमाने दोन ड्युट्यांच्या मध्ये १२ तास विश्रांती आहे, आठवड्याला सलग ४८ तास सुट्टी आहे, तरी पोरगी घरी येते ती थकलेलीच का, सुट्टीच्या दिवशी दुपारपर्यंत उठत का नाही. आणि डिसेंबर २०२५ मध्ये इंडिगोच्या एवढ्या फ्लाइट रद्द झाल्या तेव्हा जो तो म्हणत होता की पायलटांना जास्त आराम दिला म्हणून हे झालं, तर ते खरं का. मी १९ वर्षं क्रू शेड्युलिंगमध्ये काढलीत, मुंबईत, आधी रोस्टर, म्हणजे कुठल्या पायलटने कधी कुठली फ्लाइट करायची त्याचं वेळापत्रक, बनवायचे आणि नंतर क्रू कंट्रोलला, म्हणजे बनवलेलं रोस्टर रोज मोडतं आणि रात्रीत बसून ते परत जोडायचं, त्या टेबलावर. त्यामुळे उत्तर लांब होईल, पण हा विषय अर्धवट सांगण्यातला नाही.

आधी ते १२ तास बघू. नियम असा आहे की दोन ड्युट्यांमध्ये किमान १२ तास, किंवा आधीची ड्युटी जितकी लांब होती तितके तास, यातलं जे जास्त असेल ते द्यायचं. परदेशी लांबच्या फ्लाइट असतील, टाइम झोन बदलत असतील, तर ते १४ होतात, अजून लांब असेल तर ३६. विमानतळावर जायचा-यायचा वेळ ड्युटीतही मोजत नाहीत आणि विश्रांतीतही नाही, तो रोस्टरमध्ये वेगळा धरायचा. ऐकायला हे सगळं व्यवस्थित वाटतं. आता एक दिवस मांडून बघू. समजा मुलीची ड्युटी दुपारी सव्वादोनला संपली. लोहगाववरून चिंचवडला यायला एक तास धरलाय, म्हणजे सव्वातीनला ती घरात. तिथून १२ तास मोजा, पहाटे सव्वातीन. सव्वातीनला पिकअपची गाडी खाली उभी, सव्वाचारला रिपोर्टिंग, सव्वापाचची फ्लाइट. नियम पूर्ण पाळला, एक मिनिट कमी नाही.

पण झोप कधी झाली? गाडी सव्वातीनला म्हणजे उठायचं अडीचला. रात्रीचे. आदल्या दिवशीही ती पहाटेच उठली होती म्हणून घरी आल्यावर डोळे मिटतात, तासभर झोपली, आणि तीच झोप रात्रीच्या झोपेतून वजा झाली. संध्याकाळी सात ते नऊ हा असा वेळ आहे की माणूस कितीही दमलेला असला तरी शरीर झोपू देत नाही, शरीराच्या घड्याळात तेव्हा जागं राहायचा जोर सगळ्यात जास्त असतो, झोपेचा अभ्यास करणारे हे कित्येक वर्षं सांगतायत. वर घरात टीव्ही, कुकरची शिट्टी, खालच्या सोसायटीत मुलं खेळतायत. साडेनऊ-दहाला डोळा लागला आणि अडीचला गजर. साडेचार तास. १२ तासांतले हातात आले साडेचार.

हेच १२ तास रात्री दहा ते सकाळी दहा असे दिले असते तर पोर आठ तास झोपून, नाश्ता करून, ताजी होऊन गेली असती. तास तेवढेच. त्यामुळे कोणी मला म्हणालं की आम्ही १२ तास देतो, तर माझा पहिला प्रश्न असतो, कुठले १२?

आणि अशी पहाट एकच असती तर काही वाटलं नसतं. तीन दिवस ओळीने पहाट, मग एकदम संध्याकाळची ड्युटी जी रात्री दीडला संपते, मग सुट्टी, मग परत पहाट, असं रोस्टर असतं. शरीर काय बटण नाही. सुट्टीच्या दिवशी ती दुपारपर्यंत झोपते ना, ती आठवडाभराची उधारी फेडत असते, ४८ तासांतले पहिले चोवीस त्यातच जातात. म्हणूनच त्या ४८ तासांत दोन पूर्ण रात्री आल्याच पाहिजेत अशी अट आहे आणि ती अट मला आकड्यापेक्षा महत्त्वाची वाटते. आधी ३६ तास होते, तेव्हा पहिली रात्र बेशुद्ध झोपेत आणि दुसऱ्या दिवशी बॅग भरायला सुरुवात असं चालायचं.

आता थकवा म्हणजे नक्की काय होतं ते सांगते, कारण लोकांना वाटतं थकलेला माणूस म्हणजे जांभया देणारा माणूस. १९९७ मध्ये दोन संशोधकांनी माणसं जागी ठेवून तपासली होती, सलग १७ तास जागं राहिल्यावर हात आणि डोकं जसं चालतं ते रक्तात ०.०५ टक्के दारू असताना चालतं तसं निघालं. आपल्याकडे पायलटला ड्युटीआधी ब्रेथ ॲनालायझरमध्ये फुंकावं लागतं, शून्याच्या वर काहीही आलं तर नोकरीवर गदा येते, आणि ते बरोबरच आहे. पण अडीचला उठलेला माणूस तपासायचं यंत्र नाही. ते फक्त त्यालाच माहीत असतं, आणि खरं तर त्यालाही नीट माहीत नसतं, कारण झोप कमी झाली की पहिल्यांदा जातो तो स्वतःबद्दलचा अंदाज. दारू प्यायलेला म्हणतो ना मी ठीक आहे, तसंच.

पहाटे दोन ते सहा हा सगळ्यात वाईट पट्टा. शरीराचं तापमान तेव्हा सगळ्यात खाली, लक्ष सगळ्यात कमी. मंगळूरचा अपघात आठवत असेल, २२ मे २०१०, दुबईहून रात्रभर उडून सकाळी सहाच्या सुमारास आलेलं विमान टेबलटॉप, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या, रनवेवरून पुढे गेलं, १५८ माणसं गेली. कॉकपिटच्या रेकॉर्डिंगमध्ये सुमारे दोन तासांचा आवाज होता, त्यातला पहिला एक तास चाळीस मिनिटं कॅप्टन झोपलेले होते, घोरण्याचा आवाज आहे. लोक म्हणतात झोपले म्हणून अपघात झाला, पण त्याहून महत्त्वाचं आहे की गाढ झोपेतून उठल्यावर बराच वेळ मेंदू पूर्ण जागा झालेला नसतो आणि त्याच वेळात त्यांनी उतरायचे निर्णय घेतले. विमान उंच होतं, वेगात होतं, को-पायलट गो-अराउंड, म्हणजे न उतरता परत वर जाऊ, म्हणत होता, आणि ऐकलं गेलं नाही.

दुसरं उदाहरण तुमच्या मुलीच्या वयाच्या माणसाचं आहे म्हणून सांगते. २५ जानेवारी २०२४, इंडोनेशिया, बातिक एअरची केंडारीहून जकार्ताला जाणारी फ्लाइट. कॅप्टनने को-पायलटला सांगून थोडी झोप घेतली, ठरवून. को-पायलटच्या घरी महिन्याभराची जुळी बाळं होती, बायकोबरोबर तो रात्री उठून बाळांना बघत होता, नुकतंच घरही बदललं होतं. तोही झोपला. न ठरवता. २८ मिनिटं दोघंही झोपेत, १५३ प्रवासी मागे, विमान रस्ता सोडून गेलेलं, जकार्ताचा कंट्रोल हाका मारतोय. कॅप्टन जागे झाले म्हणून सगळे वाचले. आता मला सांगा, त्या मुलाची विश्रांती कागदावर झालेली दिसत असणार. घरात बाळ रडतंय हे कुठल्या रोस्टरमध्ये दिसतं?

आता माझ्या कामाकडे येते, कारण तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर तिथे आहे.

रोस्टर बनतं कसं? आधी कंपनीचं वेळापत्रक येतं, कुठलं विमान कधी कुठे. मग पेअरिंग करायच्या, म्हणजे बेसवरून निघून परत बेसवर येणारी फ्लाइटची साखळी. पुणे-दिल्ली-कोलकाता, तिथे हॉटेल, दुसऱ्या दिवशी कोलकाता-बंगळूर-पुणे, ही झाली एक पेअरिंग. प्रत्येक फ्लाइट कुठल्या तरी एका साखळीत बसलीच पाहिजे, सुटता कामा नये. दिवसाच्या काहीशे फ्लाइट असल्या तरी अशा साखळ्या कोटींनी होतात, माणसाच्या हातचं काम नाही, म्हणून सॉफ्टवेअर आहे, ऑप्टिमायझर म्हणतो आम्ही. तो त्या कोटींमधून सगळ्यात स्वस्त संच निवडतो. स्वस्त म्हणजे काय तर हॉटेलच्या रात्री कमी, पायलटला प्रवासी म्हणून दुसऱ्या गावी नेऊन बसवायचं म्हणजे पोझिशनिंग कमी, आणि तेवढ्याच कामाला पायलट कमी.

आता बघा, या हिशोबात झोप कुठे आहे? झोपेला किंमत लावलेली नाही. झोप फक्त कुंपण म्हणून आहे, १२ तासांच्या आत जायचं नाही एवढंच त्याला माहीत. आणि जे यंत्र खर्च कमी करायला बनवलंय ते कुंपणाला चिकटूनच चालणार. नियमात लिहिलेलं असतं किमान १२, तो देतो १२ तास ५ मिनिटं. नियमात लिहिलेलं असतं जास्तीत जास्त इतके तास ड्युटी, तो पाच-दहा मिनिटं सोडून तिथपर्यंत नेतो. नियम करणाऱ्याने जी शेवटची हद्द म्हणून लिहिली ती आमच्याकडे आल्यावर रोजचं माप होते. मी स्वतः हे केलंय, महिन्याच्या शेवटी पेअरिंगचा खर्च दोन टक्क्यांनी खाली आणला की शाबासकी मिळायची आणि मला आनंद व्हायचा. ते दोन टक्के कुणाच्या झोपेतून आलेत हे स्क्रीनवर दिसत नाही. ते मला क्रू कंट्रोलला गेल्यावर दिसलं, फोनवरच्या आवाजात.

क्रू कंट्रोलमधली एक रात्र सांगते. जुलै, मुंबईत धो धो, विमानं गो-अराउंड करतायत, काही अहमदाबादला गेली, काही हैदराबादला. तिकडे गेलेल्या क्रूची ड्युटीची वेळ संपली, एफडीटीएल लागला म्हणतो आम्ही, आता ते विमान परत आणायला दुसरा क्रू हवा. माझ्याकडे स्टँडबायला, म्हणजे ऐनवेळी बोलवायला राखून ठेवलेले, एकच कॅप्टन उरले होते. रात्री दोनला फोन केला. ते म्हणाले, मुलाला ताप आहे, मी झोपलेलो नाही. मी म्हणाले, सर, तुम्ही लीगल आहात, रेस्ट पूर्ण आहे तुमची. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, ठीक आहे, येतो. फ्लाइट झाली, उतरली, कुणाला काही कळलंही नाही. दुसऱ्या दिवशी ते माझ्या टेबलापाशी आले, तक्रार करायला नाही, सांगायला. म्हणाले, अप्रोचला, म्हणजे उतरायला येताना, एटीसीने, म्हणजे कंट्रोल टॉवरने, दोनदा हाक मारली ती मला ऐकूच आली नाही, आणि फ्लॅप, म्हणजे पंखांच्या मागच्या पट्ट्या, चुकीचे मागितले होते, को-पायलटने धरलं. एवढं बोलून गेले.

ती चूक माझी होती. ‘लीगल’ हा शब्द मी त्यांच्याविरुद्ध वापरला. त्यानंतर कुणी फोनवर झोप झाली नाही म्हटलं की मी पुढे एक शब्द बोलले नाही, फ्लाइट लेट झाली तर झाली. यासाठी वर बोलणी खाल्ली आहेत. त्या कंपनीत तेव्हा थकवा सांगणाऱ्याकडून लेखी खुलासा मागायची पद्धत होती, का थकलात, सुट्टीत काय करत होतात. दोनदा असा खुलासा दिला की तिसऱ्यांदा माणूस थकलो म्हणत नाही, सरळ पोट बिघडलं म्हणून सिक टाकतो. मग कागदावर थकवा शून्य आणि सिक वाढलेलं, आणि मॅनेजमेंट म्हणतं पायलट नाटकं करतात. वर बऱ्याच ठिकाणी पगाराचा एक भाग उडण्याच्या तासांवर असतो, नवीन मुलांवर ट्रेनिंगचं लाखोंचं कर्ज असतं, त्यामुळे तुमच्या मुलीसारखी मुलं तर तोंडच उघडत नाहीत.

आता नवीन नियम आणि डिसेंबर. डीजीसीएने, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी खात्याने, जानेवारी २०२४ मध्ये नियम बदलले. आठवड्याची सुट्टी ३६ वरून ४८ तास. रात्र म्हणजे १२ ते ५ होती ती १२ ते ६ केली. रात्रीच्या ड्युटीत ६ लँडिंगपर्यंत चालायचं ते २ वर आणलं. रात्रीच्या ड्युटीत उडायचे तास जास्तीत जास्त ८ आणि पूर्ण ड्युटी १० तास. शिवाय दर तिमाहीला थकव्याच्या रिपोर्टचा अहवाल द्यायचा. हे जून २०२४ ला लागू व्हायचं होतं, कंपन्यांनी वेळ मागितला, पुढे ढकललं, पायलटांच्या संघटना दिल्ली हायकोर्टात गेल्याच होत्या, शेवटी दोन टप्पे ठरले, १ जुलै २०२५ आणि १ नोव्हेंबर २०२५. रात्रीचे नियम दुसऱ्या टप्प्यात होते.

सुट्टीच्या नियमाने किती फरक पडतो ते मी कागदावर मांडून बघितलं. एका सुट्टीपासून दुसऱ्या सुट्टीपर्यंत जास्तीत जास्त १६८ तास जाऊ शकतात. आधी १६८ अधिक ३६ असं चक्र होतं, आता १६८ अधिक ४८. म्हणजे पायलट कामाला उपलब्ध असायचा वेळ साधारण साडेपाच टक्क्यांनी कमी झाला. जिथे १०० पायलट पुरायचे तिथे १०६ लागतील. हे काही आभाळ कोसळण्यासारखं नाही, एवढं तर भरतीत निघतं.

खरं ओझं रात्रीच्या लँडिंगचं आहे. समजा रात्री साडेदहाला पुण्याहून निघून एक क्रू चार सेक्टर, म्हणजे चार फ्लाइट, करून सकाळी परत यायचा. आता दोन लँडिंगनंतर तो थांबणार, आणि थांबणार कुठे, तर परगावी. पुढच्या दोन सेक्टरना त्या गावात दुसरा क्रू आधीच नेऊन ठेवलेला हवा, दोघांना हॉटेल हवं, दोघांना परत आणायचं. त्या विमानापुरती पायलटांची गरज साडेपाच टक्के नाही, दुप्पट झाली. आणि सकाळी ५ ते ६ मधलं रिपोर्टिंग आता रात्रीत मोजलं जातं, सकाळच्या पहिल्या लाटेतल्या कितीतरी ड्युट्या एका रात्रीत रात्रपाळी झाल्या. ज्यांचं वेळापत्रक रात्रीच्या उड्डाणांवर जास्त उभं आहे त्यांना हा फटका जास्त बसणार हे जानेवारी २०२४ लाच कुठल्याही प्लॅनरने अर्ध्या तासात सांगितलं असतं.

मग डिसेंबरमध्ये काय झालं? हिवाळी वेळापत्रक ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी सुरू झालं होतं, १ नोव्हेंबरला नियम लागले. नोव्हेंबरच्या शेवटी एअरबसने ए३२० विमानांचं सॉफ्टवेअर तातडीने बदलायला सांगितलं, त्यात विमानं उशिरा धावली. आता उशीर म्हणजे प्रवाशाला एक तास बसणं. क्रू कंट्रोलला तसं नसतं. रात्री अकराला उतरणारी फ्लाइट साडेबाराला उतरली की ती दिवसाची ड्युटी रात्रीची होते, मर्यादा बदलतात, पुढच्या फ्लाइटला तो क्रू बाद. त्याच्या जागी स्टँडबाय काढला, स्टँडबाय संपले. शिवाय उशिरा सुटलेल्याची विश्रांती उशिरा सुरू होते, त्यामुळे उद्या सकाळचा क्रूही बाद. दोन-तीन दिवसांत असं होतं की पायलट कुठल्या गावात आहेत आणि विमानं कुठल्या गावात हेच जुळत नाही. पुण्याला तेव्हा क्रूची वाट बघत उभ्या असलेल्या विमानांनी पार्किंगच्या जागा अडल्या आणि ज्यांच्याकडे क्रू होता अशा दुसऱ्या कंपन्यांच्या फ्लाइटही खोळंबल्या. ५ डिसेंबरला एकट्या इंडिगोच्या एका दिवसात हजाराच्या वर फ्लाइट रद्द झाल्या. मुंबई-पुण्याच्या कितीतरी घरांतली लग्नं, परीक्षा, अंत्यसंस्कार चुकले, त्या लोकांचा राग मी समजू शकते, मी त्या टर्मिनलवर आयुष्य काढलंय.

पण आराम दिला म्हणून झालं असं म्हणणाऱ्यांना माझं सांगणं आहे की नियम सगळ्या कंपन्यांना एकच होते. डीजीसीएच्या चौकशीत नंतर जे निघालं त्यात मुख्य ठपका हाच होता की कामकाज जास्तच घट्ट बसवलं होतं, सावरायला मधे जागाच ठेवली नव्हती, आणि नवीन नियमांची तयारी अपुरी होती. जानेवारी २०२६ मध्ये इंडिगोला २२.२० कोटींचा दंड झाला. हे वाचताना मला माझे ते दोन टक्के आठवले. आमच्या धंद्यात कुंपणाला चिकटून चालणं हीच हुशारी समजली जाते, मग कुंपण एक फूट आत आलं की सगळं त्याच्यावर आदळतं. आणि सगळ्यात जास्त वाईट मला कशाचं वाटलं तर त्या गोंधळात त्या कंपनीला १० फेब्रुवारी २०२६ पर्यंत रात्रीच्याच नियमांतून सूट मिळाली, आणि रजा म्हणजे आठवड्याची सुट्टी धरायची नाही ही अट सगळ्यांसाठीच मागे घेतली. प्रवाशांचे हाल थांबवायला दुसरा मार्ग नव्हता असं सांगितलं गेलं. असेल. पण प्लॅनिंगची चूक शेवटी पहाटे तीनला कॉकपिटमध्ये बसलेल्या माणसाच्या डोळ्यांतून वसूल झाली हे खरं आहे.

जास्त पायलट घ्या ना मग, असंही तुम्ही विचारलंय. घ्यायलाच हवेत. पण कमर्शियल लायसन्सची मुलं आपल्याकडे नोकरी शोधत फिरतायत आणि तरी कमतरता आहे, हे लोकांना कळत नाही. अडतं कॅप्टनशी. दोनशे तास उडून लायसन्स मिळतं, पण कॅप्टन व्हायला एटीपीएल, म्हणजे त्याच्या वरचं लायसन्स, लागतं, त्याला १५०० तास, मग कंपनीचं ट्रेनिंग, चेक, यात वर्षं जातात. आणि कॅप्टनला नोकरी सोडायची तर एक वर्षाची नोटीस, को-पायलटला सहा महिने, त्यामुळे एका कंपनीतून दुसरीकडेही पटकन येत नाहीत. म्हणजे डिसेंबर २०२५ ला लागणारा कॅप्टन निदान २०२४ च्या सुरुवातीला मोजून ठेवायला हवा होता. भरती हे आजच्या दुखण्यावरचं औषध नाही, दीड-दोन वर्षांपूर्वी करायचं काम आहे.

माझ्या मते काय करावं? एक तर नियमात तासांबरोबर झोपेची संधी मोजावी. अमेरिकेत २००९ ला बफेलोजवळ कोल्गन एअरचं विमान पडून ५० माणसं गेली, त्यातली को-पायलट रात्रभर देशाच्या दुसऱ्या टोकाहून प्रवास करून कामावर आली होती. त्यानंतर त्यांनी २०१४ पासून जो नियम लावला त्यात विश्रांती १० तासांची आहे, आपल्यापेक्षा कमी, पण त्यात सलग ८ तास झोपायची संधी मिळालीच पाहिजे आणि ती मिळणार नाही असं पायलटला वाटलं तर त्याने कळवायचं आणि ती मिळेपर्यंत ड्युटीला यायचं नाही. आकडा लहान आहे पण मोजायची गोष्ट बरोबर आहे. आपले १२ आणि त्यांची ही अट एकत्र आली तर उत्तम होईल. दुसरं, ऑप्टिमायझरमध्ये झोपेला किंमत लावा. हे जमतं, मी करून बघितलंय. पहाटेनंतर लगेच रात्र, सलग तिसरी पहाट, अशा साखळ्यांना सॉफ्टवेअरमध्ये दंड लावला की तो आपोआप त्या टाळतो, खर्च थोडा वाढतो, आणि सिक कमी झाल्याने त्यातला बराच परत येतो. तिसरं, स्टँडबाय. पावसाळ्यात मुंबईला आणि धुक्यात दिल्लीला जास्त स्टँडबाय लागणार हे दर वर्षी माहीत असतं, तरी बजेटमध्ये पहिली कात्री तिथेच लागते. रिकामा बसलेला पायलट हिशोबनीसाला वाया जाणारा पगार दिसतो.

आता घरात काय करायचं, कारण ते तुमच्या हातात आहे. रोस्टर आलं की तिच्याबरोबर बसा आणि झोपेच्या वेळा कॅलेंडरवर फ्लाइटसारख्याच लिहा. तिच्या खोलीला जाड पडदे लावा, आणि ती झोपली असताना नातेवाइकांचे फोन तिला देऊ नका, कुणाचंही काहीही असो. पहाटेच्या ड्युटीच्या आदल्या दिवशी दुपारी झोपणार असेल तर एक तर अर्ध्या तासात उठवा नाहीतर दीड तास झोपू द्या, मधेच उठवलं की डोकं जड राहतं. रात्रीचं जेवण त्या दिवशी सातला आणि हलकं. सणाला, बारशाला, पूजेला ती नसेल तर नसू दे, तिला ऐकवू नका, तिला त्याचं आधीच वाईट वाटत असतं. थकव्याचा रिपोर्ट भरायला सांगा, दर वेळी, तारीख, किती तास झोपले, किती वाजता उठले, एवढं लिहिलं तरी चालतं, आणि त्याची एक कॉपी स्वतःकडे ठेवायला सांगा.

आणि एखाद्या रात्री दोनला तिचा फोन वाजला, ती उठून बसली आणि तुमच्याकडे बघून म्हणाली की आई, मला आज जमणार नाही गं, तर त्या वेळी नवीन नोकरी आहे, सांभाळून घे, असं म्हणू नका. तिला फक्त विचारा, किती तास झोपलीस. पाचच्या खाली असेल तर तिथेच बसा तिच्याजवळ, तिचा फोन करून होईपर्यंत.